रबरी गांडुळाची निवड

मराठी माणसासमोर 'बास मासा' म्हटलं की त्याला हॉटेलातला बिनकाट्याचा 'बासा' आठवतो. त्याचा इथे काही संबंध नाही. मी लिहितो आहे तो उत्तर अमेरिकेतल्या गोड्या पाण्यातला लार्जमाउथ बास: हिरवट अंग, कुशीवर काळपट पट्टा आणि डोळ्याच्याही मागे जाणारा जबडा. हा भक्ष्यामागे फार धावत नाही. शेवाळात, बुडालेल्या झाडाच्या खोडाआड दबा धरून राहतो, आणि समोरून काही गेलं की तोंड उघडून पाण्यासकट आत ओढतो. आपल्या तळ्यांतली मरळ ज्यांनी गरवली आहे त्यांना हा स्वभाव वेगळा सांगायला नको.

माझं लहानपण कुडाळजवळ गेलं. मामाबरोबर खाडीवर गरवायला जायचो. आमिष म्हणजे सुंगटं, नाहीतर शेणखताच्या ढिगातली गांडुळं. नोकरीने डॅलसला आणून टाकलं आणि तिथून दीड तासावर लेक फोर्क आहे हे पहिल्याच हिवाळ्यात कळलं. १९८० साली धरण झालं तेव्हा बुडीत क्षेत्रातली बरीच झाडं मुद्दाम तशीच उभी ठेवली. त्यामुळे आज तलावात वाळक्या खोडांचं रान आहे, बास आहेत, आणि गळ अडकवायला जागाही तेवढ्याच आहेत. मासा जिथे असतो तिथेच गळ टाकता येत नाही, अशी ही अडचण. तिच्यावरचा तोडगा म्हणजे मऊ प्लॅस्टिकचं गांडूळ आणि ते गळावर चढवण्याची 'टेक्सास रिग' नावाची रीत.

गांडूळ मात्र टेक्सासचं नाही. १९४९ साली ओहायोतल्या ॲक्रन शहरात निक क्रीम नावाच्या माणसाने बायकोच्या मदतीने ते घरच्या स्वयंपाकघरात तयार केलं. पीव्हीसीची पूड तेलकट द्रवात मिसळायची, तापवायची, साच्यात ओतायची. थंड झाल्यावर जे बाहेर येतं ते शिजलेल्या जेलीपेक्षा चिवट आणि रबरापेक्षा मऊ असतं. तेलकट द्रव जास्त तर गांडूळ मऊ, कमी तर कडक. क्रीम पुढे कारखाना घेऊन टेक्सासातल्या टायलर गावी आला. तिथल्या नव्या धरणांतल्या बुडालेल्या झाडांनी या खेळण्याला खरं काम दिलं.

रीत अशी. तंगुसात आधी बंदुकीच्या गोळीसारखं निमुळतं वजन ओवायचं. ते तंगुसावर मोकळं सरकतं. मग मान मुरडलेला गळ बांधायचा. गळाचं टोक गांडुळाच्या डोक्यातून अर्धा सेंटीमीटर आत घालून बाजूने बाहेर काढायचं, गळ फिरवायचा, आणि टोक पुन्हा गांडुळाच्या अंगातच रुतवून ठेवायचं. आता टोक उघडं नाही, म्हणून फांदीत अडकत नाही. माशाने तोंडात घेतल्यावर झटका दिला की ते टोक मऊ अंग फाडून बाहेर येतं आणि जबड्यात बसतं.

आमिष निवडण्याचं सगळं शास्त्र या एका झटक्यात आहे, असं माझं मत झालं आहे. गांडूळ कडक असेल तर टोक बाहेर येत नाही आणि मासा थुंकून जातो. फार मऊ असेल तर दोन-तीन वेळा टाकतानाच डोक्याशी फाटतं. अंगाने जाड असेल तर गळाची कमानही रुंद हवी. नाहीतर प्लॅस्टिक चुरगळून कमानीतच भरतं आणि टोकाला जागा उरत नाही. दुकानात मी आता गांडुळाचं पाकीट आणि गळ शेजारी धरून पाहतो. पहिली दोन वर्षं तसं केलं नाही, आणि चुकलेल्या माशांचा दोष स्वतःच्या मनगटाला देत राहिलो.

दुसरी गोष्ट, ते पाण्यात उतरतं कसं. बास बहुधा उतरत्या आमिषालाच तोंड लावतो. शेपटीला वळलेली पट्टी असली की ती पाणी कापत थरथरते, उतरणं मंदावतं. उन्हाळ्यात पाणी ऊबदार आणि मासे चपळ असतात तेव्हा ही दहा इंची शेपटीवाली गांडुळं उत्तम. थंडीत माशाचं सगळंच संथ होतं. तेव्हा सरळ शेपटीचं, बारीक, जवळजवळ काहीच न करणारं गांडूळ बरं. काही आमिषांत भरपूर मीठ घालतात. मिठामुळे ती जड होतात, वजनाशिवायच आडवी, किंचित डोलत बुडतात, पण अंग ठिसूळ होतं. गढूळ पाण्यात पाय आणि नांग्या असलेली, पाणी ढवळणारी आकृती घ्यावी, कारण तिथे मासा डोळ्यांपेक्षा अंगावरच्या संवेदनरेषेने शोधतो. आणि दाट शेवाळाच्या गालिच्याला भोक पाडून खाली जायचं असेल तर हेच पाय आड येतात. तिथे आखूड, गुळगुळीत आमिष आणि २८ ग्रॅम किंवा त्याहून जास्त वजन. एरवी ७ ग्रॅमचं पुरतं.

रंग मी शेवटी ठेवला आहे. दुकानं तो सगळ्यात आधी ठेवतात. कच्चा भोपळा, कलिंगडाची बी, जांभळा भुंगा अशा नावांच्या छटांनी भिंती भरलेल्या असतात. एका सुट्टीत मी असे तीसेक रंग डब्यात भरून कुडाळला नेले, मामाला दाखवायला. त्याने डबा उघडला, एकेक गांडूळ बोटांत धरून दाबून पाहिलं आणि म्हणाला, "माशाक रंग कसलो दाखवतंस रे? तेका हालचाल दाखव." मला ते जुन्या माणसाचं बोलणं वाटलं. इलिनॉय विद्यापीठातल्या संशोधकांचा २०१९ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास नंतर वाचला. बासच्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या पेशी दोनच प्रकारच्या, एक हिरव्याला आणि एक लालला प्रतिसाद देणारी. लाल आणि हिरवा तो सहज वेगळे करतो. पण निळा आणि काळा यांत, तसंच झगझगीत पोपटी-पिवळा आणि पांढरा यांत त्याची गफलत होते. म्हणजे मामा अगदी शंभर टक्के बरोबर नव्हता, पण काळं आणि काळं-निळं अशी दोन पाकिटं घेणारा मी नक्की चूक होतो. स्वच्छ पाण्याला पारदर्शक हिरवट-तपकिरी, गढूळ पाण्याला काळं. तिसरा रंग हौसेचा.

इथवर निवड म्हणजे मासा मिळण्याची निवड. लेक फोर्कवर १६ ते २४ इंचांमधला बास सोडून द्यावा लागतो; त्याहून लहान घरी नेता येतो. एका एप्रिलमध्ये मी चौदा इंचांचा एक आणला. अंगाने हडकलेला होता. साफ करताना पोटातून प्लॅस्टिकचा गोळा निघाला: चार-पाच गांडुळं, फुगून बोटाएवढी झालेली, रंग उडून पांढुरकी. एकाच्या शेपटीची वळलेली पट्टी अजून ओळखू येत होती. बायको सिंकजवळच उभी होती. तिने विचारलं, "हे तुझंच आहे का रे?"

सांगता येत नव्हतं. फाटलेलं गांडूळ ओढून पाण्यात टाकायचं आणि दुसरं चढवायचं, हे मी वर्षानुवर्षं करत होतो. सगळेच करत होते. मेन राज्यातल्या संशोधकांनी २००९ साली ब्रुक ट्राउट माशांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला आहे. टाकीच्या तळाशी टाकलेली मऊ आमिषं बऱ्याच माशांनी आपणहून गिळली, काहींच्या पोटात ती १३ आठवडे राहिली, गिळणाऱ्यांचं खाणं आणि वजन घटलं. २०१३ साली त्याच राज्यात अशा आमिषांवर बंदी घालणारं विधेयक आलं. बंदी झाली नाही. खात्याला आणखी अभ्यास करायला सांगण्यात आलं. माझ्या ओळखीच्या मासेमारांना त्या विधेयकाचा अजूनही राग आहे. सिंकमधला तो गोळा पाहिला नसता तर मलाही आला असता.

तेव्हापासून पाकीट दाबून पाहताना मी आणखी एक प्रश्न विचारतो: हे गळावरून निसटेल किती लवकर? खारवलेली, ठिसूळ आमिषं जवळजवळ सोडली. मधोमध गळ लावून दोन्ही टोकं डोलवायची असतात तेव्हा अंगात गळ न खुपसता रबरी कडी चढवतो आणि गळ कडीत अडकवतो. एक गांडूळ सकाळभर टिकतं. जैवविघटनशील म्हणवणारी आमिषंही वापरून पाहिली. ती गळावर उघडी राहिली की उन्हात वाळून कडक होतात, आणि मग झटक्याला टोक बाहेर येत नाही. अलीकडे एक ताणणारं, पाण्यावर तरंगणारं प्लॅस्टिक निघालं आहे. दुप्पट-तिप्पट लांब ओढलं तरी तुटत नाही. दोष आहेत: टेक्सास रिगवर ते गळाच्या मानेवरून खाली घसरतं, त्यासाठी डोक्याला पकड असलेला गळ घ्यावा लागतो, आणि पीव्हीसीच्या गांडुळांसोबत एका डब्यात ठेवलं तर दोन्ही वितळून चिकट लगदा होतो. माझा एक अख्खा डबा असा गेला. शिवाय हरवलंच तर पाण्यात तेही काही विरघळणार नाही. पण हरवतं कमी, म्हणून सध्या माझा कल तिकडे आहे.

मामाला त्याच जातीचा एक बेडूक पाठवला. कुडाळच्या तळ्यात मरळीसाठी तो हल्ली तोच वापरतो, आणि रंग विचारत नाही.

माझ्या जॅकेटला आता डाव्या बाजूला चेन असलेला खिसा आहे, फाटक्या गांडुळांसाठी. घरी आल्यावर ती मोजतो. गेल्या शनिवारी सात जोडली होती, सहा परत आली. सातवं एका खोडाला आहे, तलावाच्या उत्तरेच्या फाट्यात, दोन-अडीच मीटर पाण्याखाली.