दोघांची बोट, दोघांच्या हातात सुकाणू : नवरा-बायको मिळून धंदा करताय? मग हे वाचाच



नवरा-बायको मिळून मेस, किराणा दुकान, मसाल्याचा गृहउद्योग चालवणारे बरेच जण आपल्याकडे शिकायला येतात. त्यांना मी पहिला प्रश्न विचारतो, "उद्या दोघांपैकी एकजण तापाने फणफणला, तर शटर उघडेल का?" आधी सगळे हसतात. मग गप्प होतात.

आज या प्रश्नाचं उत्तर शोधायला जरा लांब जाऊया. थेट समुद्रावर!

जिथे फक्त दोघंच असतात

अमेरिकेतल्या सिएटलकडून कॅनडाचा किनारा धरून वर अलास्कापर्यंत एक जलमार्ग जातो, इनसाइड पॅसेज. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला बेटं, मधून पाणी. इथे मोटर यॉट घेऊन महिनोन्‌महिने फिरणारी कितीतरी जोडपी आहेत. खलाशी नाही, स्वयंपाकी नाही, मेकॅनिक नाही. जे काय करायचं ते दोघांनी.

जेम्स आणि जेनिफर हॅमिल्टन हे त्यातलंच एक जोडपं. जेम्स पुढे अमेझॉन कंपनीत वरिष्ठ इंजिनिअर झाले. नोकरी सांभाळून दोघांनी आधी लहान बोटीवर हा किनारा पिंजून काढला. २००८ साली तिथल्या फारशा कुणाला माहीत नसलेल्या नांगर टाकायच्या जागांवर दोघांनी मिळून पुस्तक लिहिलं. त्यानंतर ५२ फुटी 'डिरोना' घेतली, तिच्यावरच घर केलं आणि पुढे महासागरही ओलांडले. लक्षात घ्या, आधी लहान बोट, मग मोठी. आधी किनारा, मग महासागर.

धडा १ : पाण्याशी भांडायचं नाही

या मार्गावर सीमोर नॅरोज नावाची चिंचोळी सामुद्रधुनी आहे. भरती-ओहोटीच्या वेळी तिथे पाण्याचा वेग १५ नॉटपर्यंत जातो, म्हणजे ताशी जवळजवळ २८ किलोमीटर. अशा सावकाश चालणाऱ्या मोटर बोटींचा वेग असतो ७-८ नॉट. आता सांगा, कोण जिंकणार? म्हणून शहाणी जोडपी आधी भरती-ओहोटीचं कोष्टक बघतात आणि पाणी थबकण्याची वाट बघत अलीकडेच नांगर टाकून बसतात. चहा पितात, इंजिनाचं तेल तपासतात. ते थबकणं फार वेळ टिकत नाही, तेवढ्यात पलीकडे जायचं. मालवण-रत्नागिरीकडच्या मंडळींना हे वेगळं सांगायला नकोच!

आणि घाई महागात पडते. या बोटींचा वेग शेवटच्या एक-दोन नॉटांनी वाढवायला गेलं, की डिझेल जवळजवळ दुप्पट जळू शकतं. मंदीच्या महिन्यात कर्ज काढून दुसरं दुकान टाकणाऱ्यांनी हे वाक्य परत वाचा.

धडा २ : ओरडू नका, खुणा ठरवा

नांगर टाकताना एकजण सुकाणूवर, दुसरा पुढच्या टोकाला. मध्ये इंजिनाचा आवाज आणि वारा. "मागे घे!" म्हणजे नक्की किती? इथे भल्याभल्यांची भांडणं होतात. म्हणून ही जोडपी हाताच्या खुणा आधीच ठरवतात किंवा कानाला हेडसेट लावून हळू आवाजात बोलतात. बोटवाल्यांमध्ये त्या हेडसेटला गमतीने 'संसार वाचवणारं यंत्र' म्हणतात!

तुमच्या दुकानात गिऱ्हाइकासमोर, "याला उधार का दिलं?" असा आवाज चढतो का? मग खूण ठरवा. उधारी किती द्यायची, हे गल्ल्यावर ठरवायचं नसतं. ते आदल्या रात्री घरी ठरवायचं.

धडा ३ : दोघांनाही बोट बंदरात आणता आली पाहिजे

आजचा खरा मुद्दा हा. समजा, सुकाणू धरणाराच पाण्यात पडला किंवा त्याच्या छातीत दुखायला लागलं. जवळचं गाव कित्येक तास लांब. तेव्हा दुसऱ्याला इंजिन बंद-चालू करता आलं पाहिजे, बोट वळवता आली पाहिजे, रेडिओच्या १६ नंबरच्या चॅनेलवर मदत मागून आपण कुठे आहोत ते सांगता आलं पाहिजे. म्हणून अनुभवी जोडपी मुद्दाम कामांची अदलाबदल करतात. आज तू धक्क्याला लाव, उद्या मी.

दुसरी गोष्ट नोंदींची. इंजिन किती तास चाललं, तेल कधी बदललं, डिझेल किती उरलं, हे डोक्यात ठेवून चालत नाही. डिरोनावर तर इंजिनाची माहिती आपोआप नोंदली जायची आणि बिघाडाची चाहूल लागली की इशारा मिळायचा.

आता आपल्याकडे बघा. एका शिबिरात एक ताई भेटल्या. दहा वर्षं दोघांचा फरसाणचा धंदा. यजमान अचानक दवाखान्यात. ताईंच्या हाताला चव होती, पण घाऊकवाल्याचे किती द्यायचे, कुणाकडून किती यायचे, जीएसटीचा पासवर्ड काय, काहीच माहीत नव्हतं. सगळं यजमानांच्या डोक्यात! माल होता, गिऱ्हाईक होतं, तरी दुकान तीन आठवडे बंद राहिलं. ताई म्हणाल्या, "सर, मी मालकीण होते की कामाला होते, तेच कळेना."

हा प्रश्न तुमच्या घरात कुणावर येऊ देऊ नका.

आजचा गृहपाठ

१. एका वहीत येणी, देणी, पासवर्ड आणि पुरवठादारांचे नंबर लिहा. वही कुठे ठेवली, हे दोघांनाही माहीत हवं.

२. महिन्यातून एक दिवस कामं बदला. तो कढईपाशी, ती गल्ल्यावर. चुका होतील, होऊ द्या. आज चुका झाल्या तर परवडतं.

३. उधारी, सूट आणि खरेदी याची मर्यादा दोघांनी बसून ठरवा.

पाणी शांत असताना सुकाणू हातात द्यायचं असतं, मित्रांनो. वादळात शिकवायला वेळ नसतो. आज रात्री जेवणं झाली की वही उघडा. भेटूया पुढच्या व्हिडिओत!