आजीचे नाव पाळण्यात

घरात नात जन्मली की बाराव्या दिवसाच्या आत नावांची यादी तयार होते. पूर्वी ती आत्याच्या ओठांवर असे. आता ती मोबाइलवर असते आणि परगावचे मामा, परदेशातली मावशी सारेच तिच्यात भर घालत राहतात. अशा वेळी कोणीतरी हळूच सुचवते, ‘‘आजीचंच नाव ठेवू या का? गोदावरी.’’ क्षणभर सगळे गप्प होतात. कोणाला भरून येते, कोणाला हसू आवरत नाही आणि जिचे ते नाव, ती आजी बहुधा म्हणते, ‘‘नको गं बाई, माझं जुनाट नाव कशाला त्या पोरीला?’’

नाशिकमध्ये हा प्रश्न अधिक जवळचा वाटतो. ब्रह्मगिरीवर उगम पावून गावाच्या मधून वाहणाऱ्या गोदावरीला नाशिककर आजही ‘गंगा’च म्हणतात. त्यामुळे गोदा, गंगा, भागीरथी ही नावे इथल्या जुन्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या नांदली. द्वारका, मथुरा, काशी, यमुना, वेणू, सगुणा याही त्यांच्याच सख्या. आज या नावांच्या स्त्रिया पंच्याहत्तरी-ऐंशीच्या पुढे आहेत. त्यांच्यामागे ही नावे कोण चालवणार, हा विचार कोणत्याही आजीच्या मनात येऊन जात असेल.

जुन्या नावाविषयीची मते साधारण ठरलेली असतात. तरुण आईबापांना शाळेची धास्ती वाटते; वर्गातल्या अनायांत आणि मायरांत आपली द्वारका एकटी पडेल, मुले चिडवतील, असे त्यांना वाटते. काही घरांत हयात वडीलधाऱ्यांचे नाव मुलाला ठेवत नाहीत. काहींना वाटते, नावाबरोबर त्या व्यक्तीचे भोगही येतात. शिवाय जुनी अडचण आहेच: सासूचे नाव मुलीला ठेवले, तर सुनेने तिला हाक कशी मारायची आणि रागवायचे तरी कसे? म्हणून कित्येक घरांत पत्रिकेतले नाव एक आणि हाकेचे दुसरे असे.

दुसऱ्या बाजूचेही म्हणणे आहे. उमा, रमा, सई, मुक्ता ही नावे काही कमी जुनी नाहीत. तरी आज ती कानाला ताजी वाटतात. निवृत्तिनाथांची समाधी त्र्यंबकेश्वरी आहे. त्यांच्या धाकट्या बहिणीचे ‘मुक्ता’ हे नाव सातशे वर्षांनंतरही कोणाला शिळे वाटत नाही. नाव म्हातारे होते, ते ते धारण करणारी पिढी म्हातारी होते म्हणून. एका लहान मुलीला ते मिळाले की तेच नाव दुडूदुडू धावू लागते. चिडवण्याचे म्हणाल, तर मुले कोणत्याही नावावरून चिडवतात. आपले नाव कोणाचे आणि का ठेवले हे ज्या मुलीला ठाऊक असते, तिच्यापाशी निदान द्यायला उत्तर असते.

नाशिकचेच एक उदाहरण घ्या. वि. वा. शिरवाडकरांना ज्ञानपीठ मिळाले ते १९८७चे. पण महाराष्ट्र त्यांना ओळखतो तो कुसुमाग्रज या नावाने. कुसुम ही त्यांची एकुलती एक बहीण. तिचा अग्रज, म्हणजे थोरला भाऊ, तो कुसुमाग्रज. कुसुम हे त्या काळातले अगदी साधे, घरोघरी आढळणारे नाव. भावाने ते प्रेमाने आपल्या नावात गुंफले आणि मराठी कवितेत ते कायमचे राहिले. नाव मोठे होते ते असे, कोणीतरी ते मायेने घेतल्यामुळे.

मात्र आजीचे नाव ठेवायचे असे ठरवताना एक प्रश्न बहुधा राहूनच जातो. आजीचे नाव म्हणजे नेमके कोणते?

लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने नवे नाव लिहिले जाई आणि मुलीचे माहेरचे नाव त्या दिवसापासून माहेरीच राही. नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांची मनकर्णिका लग्नानंतर लक्ष्मीबाई टिळक झाली; ‘स्मृतिचित्रे’ लिहिणारी म्हणून आपण ओळखतो ती लक्ष्मीबाईंना. १८८६ साली अमेरिकेत एम. डी. झालेल्या डॉ. आनंदीबाई जोशी मूळच्या यमुना. रमाबाई रानडे याही मूळच्या यमुनाच. लोकमान्यांच्या पत्नी सत्यभामाबाईंचे माहेरचे नाव तापी. नामवंत घरांतल्या या स्त्रियांची मूळ नावे निदान पुस्तकांत सापडतात. आपल्या घरातल्या आजीचे मूळ नाव कुठे सापडणार? ते फक्त तिच्या आठवणीत असते.

म्हणून बारशाच्या निमित्ताने आजीजवळ जरा बसावे. तिला विचारावे, ‘‘आजी, तुझ्या आईनं तुला काय हाक मारली होती?’’ कदाचित ती सांगेल, ‘‘ठकू म्हणायचे मला.’’ कदाचित पन्नास-साठ वर्षांत ते नाव तिने उच्चारलेही नसेल. कदाचित तिला सासरचेच नाव आपले वाटत असेल आणि माहेरच्या नावाची आठवण नकोशीही असेल. तिचे उत्तर काहीही असो, ते तिच्याकडूनच आले पाहिजे. तिच्या नावाने नातीचा सन्मान करायचा आणि तिलाच विचारायचे नाही, याला सन्मान कसा म्हणावा?

घरात वृद्धांची शुश्रूषा करणाऱ्यांसाठीही यात एक गोष्ट आहे. वय वाढले, आजारपण आले की माणसाचे नाव हळूहळू नाहीसे होते. दवाखान्यात, घरात, मदतनिसाच्या तोंडी ती नुसती ‘आजी’ होते. समवयस्क मैत्रिणी, भावंडे एकेक करून जातात आणि नावाने हाक मारणारे कोणी उरत नाही. स्मृतिभ्रंशात नुकत्याच घडलेल्या गोष्टी आधी पुसट होतात. बालपणीच्या आठवणी पुष्कळदा तुलनेने उशिरापर्यंत टिकतात. अशा व्यक्तीशी बोलताना माहेरचे नाव, शाळेतल्या मैत्रिणी, घराजवळचा घाट यांचा धागा उपयोगी पडू शकतो. मात्र ‘ओळखा पाहू’ अशी परीक्षा घेऊ नये. आणि जुन्या नावाने ती अस्वस्थ होत असेल, तर तो विषय तिथेच सोडावा.

जुने ते सारे सोने, असेही मात्र मानू नये. मुलगी नको म्हणून ‘नकुशी’ ठेवलेली नावेही जुनीच होती. सातारा जिल्ह्यात ऑक्टोबर २०११मध्ये अशा २८५ मुलींना समारंभपूर्वक नवी नावे देण्यात आली. एखादे नाव आजीने आयुष्यभर निमूटपणे वाहिले असेल, तर ते नातीच्या माथी मारण्याचे कारण नाही. तिथे परंपरा थांबवणे हेच आजीवरचे प्रेम.

शेवटी निर्णय आईवडिलांचाच. बाळंतिणीची झोप अपुरी असते, अंग अशक्त असते, मन हळवे असते. त्या दिवसांत नावावरून तिच्यामागे तगादा लावणे बरे नव्हे. वडीलधाऱ्यांनी एकदा सुचवावे, कारण सांगावे आणि मग गप्प राहावे. घाईही नाही. जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असली, तरी ती नावाशिवाय करता येते. नाव पुढे बारा महिन्यांपर्यंत शुल्काशिवाय आणि त्यानंतर पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून नोंदवता येते. एकमत झाले नाही, तर दाखल्यावर नवे नाव आणि हाकेला जुने, ही आपली पूर्वापार तडजोड आहेच.

आणि नातीचे नाव काहीही ठरो, आजीला विचारलेला प्रश्न वाया जात नाही. तिचे माहेरचे नाव, ते कोणी ठेवले, ते का बदलले, हे एका वहीत लिहून ठेवा. नात मोठी झाली की ती वही तिच्या हाती द्या. तोवर अधूनमधून, आजीला आवडत असेल तर, त्या नावाने एखादी हाक मारा. ओ देताना तिचा चेहरा जरूर पाहा.