शिरस्त्राण आणि नातेपुत्याचें ऊन

‘आयर्न मॅन’ या २००८ सालच्या अमेरिकन चित्रपटांतील वीराचें शिरस्त्राण आमच्या मोठ्या नातवानें गेल्या चैत्रांत घरींच करावयास घेतलें. धाकट्याची मुंज वैशाखांत ठरली होती, आणि भिक्षावळींत तें घालूनच मिरवावयाचें असा बटूचा हट्ट होता. मूळ वेष स्टॅन विन्स्टन यांच्या कलागृहानें घडविलेला. नातेपुत्यास तो कोण घडविणार, असें आम्हांस वाटे.

नातवानें बटूच्या डोक्याचा घेर दोऱ्यानें मोजला व संगणकावरील आकृति त्या मापाची केली. छापण्याच्या यंत्रांत शाईऐवजीं प्लॅस्टिकचा तंतु असतो. सुमारें २०० अंश उष्णतेनें वितळून तो बारीक छिद्रांतून उतरतो, आणि मिलिमीटरच्या पांचव्या हिश्शाएवढे थर एकावर एक बसत जातात. या द्रव्यास पीएलए म्हणतात. तें मका, ऊस यांच्या साखरेपासून होतें. (आमच्या माळशिरस तालुक्यांत उसाची काय वाण!) एकेका तुकड्यास रात्र रात्र लागे. मग जोडणें, लांबी भरणें, घासणें. डोळ्यांच्या फटींमागें एलईडी दिवे, कानशिलांपाशीं दोन सर्व्हो मोटारी, मागें बोटभर लांबीची आर्डुइनोची पाटी. कळ दाबली कीं मुखपट वर उचले. बॅटरी डोक्यापाशीं नको, कमरेस असावी, हा आमचा आग्रह त्यानें मानला.

आम्हांस भरताचें नाट्यशास्त्र आठवलें. आहार्याभिनयाच्या अध्यायांत रंगभूमीवरील कृत्रिम वस्तूंस ‘पुस्त’ म्हटलें असून यंत्रानें चालणाऱ्यास ‘व्याजिम’ अशी संज्ञा आहे. जड अलंकारांनीं नट थकतो, म्हणून ते हलके असावेत. मुखवट्यासाठीं बेलाच्या लगद्यानें कापड लिंपून तें अग्नीवर किंवा उन्हांत वाळवावें, असाही विधि तेथें आहे. पेन्शनर मास्तरास शोभेल इतक्या विस्तारानें आम्ही हें सर्व सांगितलें.

तेथेंच घात झाला. मुंजीस चार दिवस उरले होते, तांबडा रंग ओला होता. आम्ही शास्त्राधारें तें शिरस्त्राण भर दुपारीं गच्चीवरील पत्र्यावर ठेवलें व वामकुक्षीस गेलों. पीएलए ६० अंशांच्या आसपास मऊ पडतो. उठून पाहतों तों हनुवटी ओघळलेली, मुखपट वांकडा.

“आजोबा, हे उन्हात कुणी ठेवलं?”

गड्यानें ठेवलें असेल, असें म्हणण्याचा मोह क्षणभर झाला. पण शाळेंत खोटें बोलणाऱ्या मुलांस आम्ही बाकावर उभें करीत असूं. अपराध कबूल केला. मुलगा कांहींच बोलला नाहीं. त्या अबोल्यापेक्षां रागावला असता तर बरें वाटलें असतें.

रात्रीं त्यानें मोटारी व दिवे सोडवून घेतले आणि पीईटीजी नांवाचा, ८० अंशांपर्यंत टिकणारा तंतु यंत्रांत घातला. दोन रात्रीं हनुवटी व मुखपट पुन्हां छापले गेले. घासकागद आमच्या हातीं आला. नातू शेजारीं बसून, कोठें जास्त घासलें तें दाखवूं लागला, तेव्हां आमच्या जिवांत जीव आला.

भिक्षावळींत डोळे छान लकाकले. भिक्षा मागण्याच्या वेळीं मात्र मुखपट अर्ध्यावर अडला, आणि बटूनें तो हातानेंच वर केला.