मुंबईच्या कापड गिरण्यांतील बिसिनोसिस

बिसिनोसिस हा कापूस, अळशी, हेंप व घायपात यांच्या तंतूंची धूळ दीर्घकाळ श्वासावाटे फुप्फुसांत गेल्याने होणारा व्यवसायजन्य श्वसनविकार आहे. साप्ताहिक सुट्टीनंतर कामावर परतल्याच्या पहिल्या दिवशी छाती आवळल्यासारखी वाटणे हे त्याचे ओळखीचे लक्षण होय. मुंबईत या विकाराचा संबंध ताडदेव, भायखळा, लालबाग, परळ व वरळी या भागांत पसरलेल्या गिरणगावाशी आहे. क्ष-किरण चित्रात या विकाराची स्वतःची अशी खूण उमटत नाही. कामगाराने सांगितलेली त्रासाची वेळ, त्याने केलेल्या कामाचे स्वरूप आणि पाळीच्या आधी व नंतर केलेले श्वासमापन यांवरून तो ओळखावा लागतो. त्यामुळे गिरणी बंद पडल्यावर निदानाचा व नुकसानभरपाईच्या दाव्याचा मोठा आधारही नाहीसा होतो.

नाव व पूर्वेतिहास

इटालियन वैद्य बेर्नार्दिनो रामाझ्झिनी यांनी १७०० साली प्रसिद्ध झालेल्या व्यवसायजन्य रोगांवरील ग्रंथात अळशी व हेंपचे तंतू पिंजणाऱ्या कामगारांच्या खोकल्याची व दम्याची नोंद केली होती. अळशीच्या तलम तंतूसाठी असलेल्या ‘बिसॉस’ या ग्रीक शब्दावरून ‘बिसिनोसिस’ हे नाव १८७७ मध्ये फ्रेंच वैद्य आद्रियँ प्रूस्त यांनी वापरले. इंग्लंडमध्ये लँकशायरच्या गिरण्यांतील कामगारांसाठी १९४१ मध्ये नुकसानभरपाईची तरतूद झाली. मात्र सुरुवातीला तिच्या अटी अतिशय कडक होत्या. १९५० च्या दशकात रिचर्ड शिलिंग यांनी तेथील कामगारांची पद्धतशीर पाहणी करून विकाराच्या पायऱ्या निश्चित केल्या. त्या पुढे जगभरच्या संशोधनात वापरल्या गेल्या.

धूळ व तिचे परिणाम

गिरणीत आलेल्या कापसाच्या गासड्यांमध्ये रुईबरोबर बोंडाभोवतालच्या पानांचे तुकडे, देठ, सरकीची टरफले, माती, बुरशी व जिवाणू असतात. ब्लो रूममध्ये गासडी फोडून कापूस मोकळा करताना आणि कार्डिंग खात्यात तो पिंजताना ही भेसळ बारीक होऊन हवेत मिसळते. डोळ्यांना दिसणारे तरंगते तंतू बहुधा नाकातच अडकतात; श्वासनलिकांपर्यंत पोहोचते ती त्याहून सूक्ष्म धूळ. ग्रॅम-ऋण जिवाणूंच्या पेशीभित्तिकेतील एंडोटॉक्सिन हा द्रव्यसमूह या धुळीतील प्रमुख अपायकारक घटक मानला जातो. त्यामुळे श्वासनलिकांना सूज येते व त्या आकुंचन पावतात. धागा तुटू नये म्हणून खात्यांमध्ये हवा दमट ठेवली जाई आणि खिडक्या बंद असत. त्यामुळे वायुवीजनाची पुरेशी यंत्रणा नसल्यास धूळ आतच साचून राहते.

लक्षणे व सोमवारचे महत्त्व

सुरुवातीच्या काळात सुट्टीनंतर कामावर आल्यावर काही तासांनी छाती जड होते, धाप लागते व कोरडा खोकला येतो. दुसऱ्या दिवशी त्रास कमी होतो आणि आठवड्याच्या मध्यापर्यंत बहुतेकदा जाणवेनासा होतो. धुळीशी रोज संपर्क येत असताना शरीरात तात्पुरती सहनशीलता निर्माण होते व सुट्टीत ती ओसरते, असे याचे स्पष्टीकरण दिले जाते. शिलिंग यांच्या वर्गीकरणानुसार पहिल्या पायरीवर हा त्रास आठवड्याच्या पहिल्या दिवसापुरता असतो, दुसऱ्या पायरीवर तो इतर दिवशीही होतो आणि तिसऱ्या पायरीवर फुप्फुसांची कार्यक्षमता कायमची घटते. पहिल्या पायरीवर धुळीपासून दूर गेल्यास सुधारणा होऊ शकते. तिसऱ्या पायरीवरील हानी भरून येत नाही.

हे लक्षण ठळकपणे दिसण्यासाठी आठवड्यात नियमित सुट्टी असावी लागते. ठाकूरद्वारच्या उत्तरेस असलेल्या ताडदेव येथे कावसजी नानाभाई दावर यांची गिरणी १८५६ मध्ये सुरू झाली. त्यानंतर अनेक वर्षे मुंबईच्या गिरणी कामगारांना हक्काची साप्ताहिक सुट्टी नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या नेतृत्वाखालील चळवळीनंतर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. लोखंडे यांची मागणी विश्रांतीसाठी होती. परंतु वैद्यकीय दृष्टीने पाहता रविवार मिळाल्यामुळेच सोमवारचा त्रास इतर दिवसांपासून वेगळा ओळखता येणे शक्य झाले.

खातेनिहाय जोखीम

विकाराचा धोका कामगाराच्या खात्यानुसार बदलतो. ब्लो रूम व कार्डिंग ही सर्वाधिक धुळीची खाती होत. सूतकताई खात्यात धूळ त्याहून कमी आणि विणकाम खात्यात आणखी कमी त्रासदायक असते. मुंबईत ही विभागणी केवळ तांत्रिक नव्हती. विणकाम खात्यात धोट्यातून धागा ओढण्यासाठी तो तोंडाने चोखावा लागे. या प्रथेचा आधार घेऊन अस्पृश्य मानलेल्या जातींतील कामगारांना तेथे प्रवेश नाकारला जाई आणि ते प्रामुख्याने कमी वेतनाच्या सूतकताईच्या खात्यांत राहत. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९२८ च्या गिरणी संपाच्या काळात हा भेदभाव ठामपणे मांडला. त्या वेळी प्रश्न वेतनाचा व सन्मानाचा होता. मात्र कोणाच्या वाट्याला अधिक धुळीची हवा आली, हेही याच विभागणीने ठरत होते.

मुंबईतील संशोधन

भारतातील गिरण्यांत बिसिनोसिस क्वचितच आढळतो, असा समज दीर्घकाळ होता. १९६० व १९७० च्या दशकांतील पाहण्यांमुळे तो मागे पडला. परळ येथील के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. एस. आर. कामत व त्यांच्या सहकाऱ्यांनी गिरणी कामगारांचा पाच वर्षे पाठपुरावा केला. बिसिनोसिस हा श्वासमार्गाच्या इतर दीर्घकालीन अवरोधक विकारांपासून वेगळा कसा ओळखावा, हा त्या अभ्यासाचा विषय होता. त्याचे निष्कर्ष १९८१ मध्ये एका अमेरिकी श्वसनरोगविषयक नियतकालिकात प्रसिद्ध झाले. १९९५ मध्ये डॉ. व्ही. मुरलीधर, विजय कान्हेरे व सहकाऱ्यांनी मुंबईतील एका कापड गिरणीतील बिसिनोसिसविषयीचा अभ्यास ‘नॅशनल मेडिकल जर्नल ऑफ इंडिया’ या नियतकालिकात मांडला.

याच काळात गिरणीबाहेरील हवेचाही अभ्यास झाला. १९७७ पासून कामत यांच्या नेतृत्वाखाली लालबाग, चेंबूर, खार आणि मुंबईबाहेरील ग्रामीण भाग येथील चार हजारांहून अधिक रहिवाशांच्या आरोग्याची तुलना करण्यात आली. श्वसनाच्या तक्रारी खारच्या तुलनेत लालबाग व चेंबूर येथे अधिक आढळल्या. गिरणगावातील कामगार पाळी संपल्यावर याच हवेत परत येत असे. म्हणून त्याच्या फुप्फुसांवरील परिणामांत खात्यातील धुळीचा वाटा किती व वस्तीतील धुराचा किती, हे वेगळे करणे संशोधकांपुढील अवघड काम होते.

निदानातील अडचणी

तिसऱ्या पायरीवरील बिसिनोसिस हा दीर्घकालीन श्वासनलिकादाहासारखाच दिसतो. रुग्ण विडी ओढत असेल, तर दोष तंबाखूला दिला जातो. दाट वस्तीत क्षयरोग सर्रास आढळत असल्याने खोकल्याचा संबंध प्रथम त्याच्याशी जोडला जातो. निदानाचा भरवशाचा मार्ग म्हणजे सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी पाळीच्या आधी व नंतर स्पायरोमीटरने श्वासमापन करणे. जोराने सोडलेल्या श्वासात पहिल्या सेकंदाला बाहेर पडणाऱ्या हवेचे प्रमाण पाळीअखेर लक्षणीय घटले, तर धुळीचा परिणाम सूचित होतो. रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात केव्हातरी केलेल्या तपासणीत ही घट दिसत नाही.

गिरणीत केलेल्या पाहण्यांनाही एक मर्यादा असते. ज्यांचा त्रास वाढला ते काम सोडतात. मुंबईत असे अनेक कामगार कोकणातील वा घाटावरील गावी परतत. पाहणीच्या दिवशी हजेरीपटावर असतात ते तुलनेने धडधाकट राहिलेले कामगार. त्यामुळे आजाराचे खरे प्रमाण आकड्यांपेक्षा अधिक असण्याची शक्यता असते.

कायदा व नुकसानभरपाई

कारखाने अधिनियम, १९४८ नुसार बिसिनोसिस हा सूचनीय रोग होता. म्हणजे तो आढळल्यास डॉक्टरांनी व व्यवस्थापनाने त्याची माहिती शासनाला देणे बंधनकारक होते. कर्मचारी राज्य विमा अधिनियम, १९४८ च्या तिसऱ्या अनुसूचीच्या ‘क’ भागात त्याचा समावेश होता आणि त्यामुळे आलेल्या अपंगत्वाबद्दल लाभ मिळू शकत असे. या भागातील रोगांसाठी ठरावीक सलग सेवेची अट असे. रोज गिरणीच्या फाटकावर काम मिळण्याची वाट पाहणाऱ्या बदली कामगाराला अशी सेवा सिद्ध करणे कठीण जाऊ शकत असे.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार सहभागी झाले. त्यानंतर मुंबईतील गिरण्या एकामागून एक बंद होत गेल्या. थकीत देणी, गिरण्यांची जमीन व घरे हे प्रश्न सार्वजनिक चर्चेत राहिले. फुप्फुसांच्या हानीचा प्रश्न त्या मानाने मागे पडला. खाते बंद झाल्यावर धूळ मोजता येत नाही आणि सोमवारचे श्वासमापनही करता येत नाही. अशा स्थितीत सेवापुस्तिका, खात्याची नोंद असलेली कागदपत्रे, जुने वैद्यकीय अहवाल व कामगाराने सांगितलेला त्रासाचा क्रम एवढाच पुरावा उरतो.

प्रतिबंध व सद्यःस्थिती

यंत्रे बंदिस्त करणे, धूळ निर्माण होते तेथेच ती शोषून घेणारी यंत्रणा बसवणे, झाडण्याऐवजी निर्वात यंत्राने सफाई करणे व ठरावीक काळाने श्वासमापन करणे हे प्रतिबंधाचे मुख्य उपाय आहेत. मुखपट्टी हा दुय्यम उपाय समजला जातो. अमेरिकेत १९७८ मध्ये सूतनिर्मितीच्या कामासाठी हवेतील कापूसधुळीची मर्यादा प्रति घनमीटर २०० मायक्रोग्रॅम ठरवण्यात आली. मानके लागू झाल्यानंतर तेथे बिसिनोसिसचे प्रमाण मोठ्या प्रमाणात घटले. त्यावरून हा विकार टाळता येण्याजोगा असल्याचे दिसून येते.

मुंबईतील बहुतेक गिरण्यांच्या जागी आता निवासी इमारती, कार्यालये व व्यापारी संकुले उभी आहेत. महाराष्ट्रातील कापसाचे काम मात्र थांबलेले नाही. विदर्भ, मराठवाडा व खानदेशातील जिनिंग-प्रेसिंग कारखाने आणि राज्यातील सूतगिरण्या येथे कामगारांचा कापसाच्या धुळीशी आजही संबंध येतो. जिनिंगचे काम हंगामी असल्याने तेथील कामगारांचा सलग पाठपुरावा करणे अधिक कठीण असते. त्यामुळे काम चालू असतानाच धुळीचे व श्वासाचे मापन करून त्याची नोंद ठेवणे तेथे विशेष महत्त्वाचे ठरते.