विटाळ आणि वावडे

विटाळ आणि वावडे हे दोन्ही शब्द जेवणाच्या ताटाशी जोडलेले आहेत, पण त्यांचा एकमेकांशी काडीचाही संबंध नाही. वावडे शरीराला असते. एखाद्याला शेंगदाण्याचे, एखाद्याला कोळंबीचे, एखाद्या लेकराला दुधाचे किंवा अंड्याचे. शहरात आता त्यालाच ॲलर्जी म्हणतात. ज्याला तीव्र वावडे आहे त्याने तो पदार्थ चुकून खाल्ला तर अंगावर गांधी उठतात, ओठ-जीभ सुजते, घसा आवळतो, रक्तदाब कोसळतो आणि वेळेवर उपचार मिळाले नाहीत तर तो माणूस दगावतो. विटाळ मात्र मनाला असतो आणि तो मनात शास्त्रांनी पेरलेला असतो. विटाळाने आजवर एकही माणूस मेलेला नाही. विटाळ पाळणाऱ्यांनी मात्र माणसे मारली आहेत.

हे सांगण्याचे कारण असे की, मुंबईतील हॉटेलवाल्यांना विटाळ चटकन कळतो, वावडे कळत नाही. विटाळाला मान मिळतो आणि वावड्याला नखरे म्हणतात.

दहिसर हे मुंबईचे उत्तरेकडचे टोक. त्याच्या पुढे मिरा-भाईंदर आणि ठाणे जिल्हा सुरू होतो. चेकनाक्याच्या आसपास, महामार्गाच्या दोन्ही अंगांना आणि स्टेशनच्या पूर्व-पश्चिमेला हॉटेलांची रांग आहे. उडप्याचे, पंजाबी जेवणाचे, मालवणी मच्छीचे, आणि संध्याकाळी लागणाऱ्या चायनीजच्या गाड्या तर वेगळ्याच. केतकीपाडा-रावळपाड्यातील आमची माणसे आता रविवारी सहकुटुंब हॉटेलात जेवायला जातात, याचा आम्हाला आनंदच आहे. ज्यांच्या आजोबाला हॉटेलाच्या बाहेर उकिडवे बसवून वरून चहा ओतला जात होता, त्यांच्या नातवाने टेबलावर बसून मेन्यूकार्ड मागवावे, ही काही लहान गोष्ट नाही.

अशाच एका हॉटेलात काही महिन्यांपूर्वी आम्ही एका कार्यकर्त्या मित्राच्या कुटुंबासोबत गेलो होतो. त्यांच्या दहावीतल्या मुलीला शेंगदाण्याचे वावडे आहे आणि ते साधेसुधे नाही. लहानपणी एकदा तिला रात्रीच दवाखान्यात न्यावे लागले होते. तिने वेटरला विचारले, भाजीत शेंगदाणा आहे का? वेटर म्हणाला, "थोडासा रहता है, चलेगा." मित्राने गल्ल्यावर जाऊन पुन्हा विचारले. तेथील गृहस्थ म्हणाले, "एवढे असेल तर घरीच जेवायचे ना, हॉटेलात कशाला येता?" त्याच वेळी शेजारच्या टेबलावरून आवाज आला, "जैन मिलेगा?" आणि तोच वेटर लगबगीने म्हणाला, "हां सेठ, अलग बना देंगे." मुलीने आमच्याकडे पाहिले आणि म्हणाली, "काका, राहू द्या, मी दहीभात खाते."

जैन बांधवाने कांदा-लसूण खाऊ नये, हा त्याचा अधिकार आहे. त्याला वेगळे करून दिले, याबद्दल आमची कसलीही तक्रार नाही. आमचा प्रश्न एवढाच आहे की, ज्या भटारखान्यात श्रद्धेसाठी वेगळी कढई चढते, त्याच भटारखान्यात एका मुलीच्या जिवासाठी वेगळी कढई का चढत नाही?

"घरीच जेवायचे ना" हे वाक्य आमच्या समाजाला नवीन नाही. आपल्या वाडवडिलांना ते वेगळ्या कारणासाठी ऐकावे लागले. तेव्हा जात विचारून हाकलत, आता जात न विचारता टाळतात, इतकाच फरक. वावडे असलेल्या माणसाला नीट उत्तर न देणे हा काही अस्पृश्यतेचा गुन्हा होत नाही आणि आम्ही तसे म्हणतही नाही. परंतु हॉटेल ही मालकाची खासगी ओसरी नव्हे, ही गोष्ट या देशात कायद्याने कोणी ठरवली हे विसरून चालणार नाही. राज्यघटनेच्या कलम १५ (२) मध्ये दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे आणि हॉटेले यांचा स्पष्ट उल्लेख आहे. २९ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत या कलमावर चर्चा झाली तेव्हा बाबासाहेबांनी 'दुकान' या शब्दाचा अर्थ समजावून सांगितला. दुकान म्हणजे नुसता आत जाण्याचा परवाना असा त्याचा आखूड अर्थ नाही. अटी मान्य असतील तर सेवा मिळण्याचा हक्क, असा तो व्यापक अर्थ आहे, असे त्यांनी सांगितले. पुढे १९५५ चा अस्पृश्यता (अपराध) कायदा आला. १९७६ मध्ये त्याचे नाव नागरी हक्क संरक्षण कायदा झाले. त्याच्या चौथ्या कलमात हॉटेलातील भांड्यांचासुद्धा उल्लेख आहे. भांडे वेगळे ठेवणे म्हणजे माणूस वेगळा ठेवणे, हे त्या कायद्याने ओळखले होते. आत बसू दिले म्हणजे झाले, असे मानणाऱ्या हॉटेलवाल्याने बाबासाहेबांचा तो 'दुकान' शब्दाचा खुलासा एकदा वाचून पाहावा.

आणि विटाळाची सोय करण्यात आपले शहर किती तत्पर आहे, तेही पाहा. २०२३ मध्ये पवईच्या आयआयटीत वसतिगृहाच्या भोजनगृहातील सहा टेबले केवळ शाकाहारींसाठी राखून ठेवण्यात आली. कारण काय, तर मांसाहार पाहून आणि त्याच्या वासाने काहींना त्रास होतो, त्यातून आरोग्याचे प्रश्न निर्माण होऊ शकतात! ज्या विद्यार्थ्यांनी शांतपणे याचा निषेध केला त्यांच्यापैकी एकाला दहा हजार रुपये दंड झाला. आंबेडकर-पेरियार-फुले स्टडी सर्कलच्या विद्यार्थ्यांनी हा विषय लावून धरला, म्हणून तो बाहेर तरी आला. मार्च २०२४ मध्ये झोमॅटोने शुद्ध शाकाहारींसाठी हिरव्या गणवेशातील वेगळी पोरे जाहीर केली. ओरड झाली तेव्हा गणवेश दुसऱ्याच दिवशी मागे घेतला. पाकिटबंद मालावर शाकाहाराचा हिरवा ठिपका २००१ च्या नियमांनी आला. पण पाकिटात शेंगदाणा, दूध, गहू, सोयाबीन, अंडी, मासे, कोळंबी किंवा काजू-बदाम आहेत हे ठळकपणे सांगण्याची सक्ती व्हायला २०२० चे लेबलिंगचे नियम यावे लागले. दोन दशके आधी विटाळाची नोंद झाली, जिवाची नंतर. याला योगायोग म्हणावे काय?

हॉटेलातील जेवणात काय असते हे गिऱ्हाइकाला दिसत नाही, ही खरी अडचण आहे. घरी आईने वाटण वाटले की नाकाला कळते. पंजाबी जेवणाच्या हॉटेलात सकाळीच दोन-तीन मोठी पातेली ग्रेव्ही शिजवून ठेवलेली असते. लाल ग्रेव्ही टोमॅटोची, पिवळी कांद्याची आणि पांढरी काजू व मगज बियांची. मेन्यूकार्डावर शंभर भाज्यांची नावे असली तरी त्या याच दोन-तीन पातेल्यांतून निघतात. ज्याला काजूचे वावडे आहे त्याने 'काजू मसाला' टाळून 'पनीर मखनी' मागवली तर तो सुटला असे नाही. ज्या तेलात कोळंबी तळली त्याच तेलात बटाट्याची भजी तळतात. गव्हाचे वावडे असलेला माणूस इडली-सांबार निर्धास्त खातो, पण बाजारातील बांधानी हिंगात मैदा किंवा गव्हाचे पीठ असते हे त्याला कोण सांगणार? चायनीजच्या गाडीवर तर सोया सॉस सगळीकडे असतो आणि त्यात सोयाबीनबरोबर बहुधा गहूही असतो. आपल्या मराठी जेवणात शेंगदाण्याचे कूट कुठे नसते ते विचारा. भरल्या वांग्यात, साबुदाणा खिचडीत, ठेच्यात, कोशिंबिरीत. वडापावच्या सुक्या चटणीतसुद्धा पुष्कळदा असते.

वेटरला हे माहीत नसते, म्हणून वेटरवर राग काढू नये. तो बहुधा गावाकडून आलेला पोरगा असतो, बारा-बारा तास उभा असतो आणि हॉटेलातच पोटमाळ्यावर झोपतो. त्याला मालकाने कधी काही शिकवलेले नसते. भटारखान्यातील वस्ताद मात्र सांगू शकतो, कारण फोडणी त्याने घातलेली असते. पण वस्तादापर्यंत गिऱ्हाइकाचा प्रश्न पोहोचवायचा कोणी? येथेच सगळे अडते.

आता दुसऱ्या टोकाला चला. दहिसरहून लोकलने महालक्ष्मीला उतरावे. शक्ती मिलच्या गल्लीत लक्ष्मी मिलच्या आवारात २०१६ पासून 'मास्क' नावाचे उपाहारगृह आहे. तेथे 'टेस्टिंग मेन्यू' असतो. म्हणजे मेन्यूकार्डातून निवडायचे नाही. वस्ताद जे ठरवील ते, एकामागून एक, दहाच्या आसपास छोट्या ताटल्या येतात. हिशेब माणशी हजारांत. (आपल्या पंगतीतही वाढतील ते मुकाट्याने खावे लागते, तेव्हा गरिबाला टेस्टिंग मेन्यू नवीन नाही!) पण एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. जगभर अशा ठिकाणी टेबल राखून ठेवतानाच गिऱ्हाइकाला विचारतात की, तुम्हाला कशाचे वावडे आहे काय? कारण निवड वस्तादाची असते, तेव्हा जबाबदारीही त्याचीच होते. उत्तर भटारखान्यात जाते आणि त्या माणसापुरता पदार्थ बदलतात. या प्रश्नाला यंत्र लागत नाही, भांडवल लागत नाही, पैसाही लागत नाही. तरी तो प्रश्न हजारोंच्या ताटाला विचारला जातो आणि दीडशेच्या थाळीला विचारला जात नाही.

आणि ही ताटली कुठे वाढली जाते तेही ध्यानात घ्या. हा सगळा गिरणगाव. येथील गिरण्यांत आमच्या माणसांना साचेखात्यात म्हणजे विणकामात घेत नसत, कारण धोट्यातून धागा तोंडाने ओढावा लागे. अस्पृश्याच्या तोंडचा धागा सवर्ण कामगाराच्या तोंडाला लागेल, ही भीती. जादा पगाराचे खाते या एका कारणासाठी बंद! १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर उघडपणे मांडला होता. जेथे तोंडाच्या विटाळावरून भाकरी नाकारली जात होती, त्याच गिरणगावात आज तोंडाला काय सोसत नाही हे अदबीने विचारले जाते. हा बदल चांगलाच आहे. तो गिरणीच्या फाटकाबाहेर, दहिसरच्या नाक्यापर्यंत यावा, एवढेच आमचे मागणे आहे.

कायदा येथे अर्धवट थांबला आहे. ज्यांच्याकडे केंद्रीय परवाना आहे किंवा ज्यांच्या दहा वा अधिक ठिकाणी शाखा आहेत, अशा हॉटेलांनी वावड्याच्या घटकांची माहिती द्यावी, असा नियम जुलै २०२२ पासून लागू झाला. दहिसरमधील एकट्या-दुकट्या हॉटेलाला तो लागू होत नाही, आणि आमची माणसे जेवतात ती तेथेच. युरोपात डिसेंबर २०१४ पासून लहानातल्या लहान हॉटेलालाही चौदा घटकांची माहिती द्यावी लागते. इंग्लंडमध्ये उत्तर यॉर्कशायरमधील एका भारतीय जेवणाच्या हॉटेलातून घरी नेलेले जेवण खाऊन २०१४ मध्ये एक गिऱ्हाईक दगावले. त्याने शेंगदाणा-बदाम नको असे बजावून सांगितले होते. मालकाने पैसे वाचवण्यासाठी बदामाच्या पुडीऐवजी शेंगदाण्याची स्वस्त पूड आणली होती. २०१६ मध्ये न्यायालयाने मालकाला सहा वर्षांची सजा दिली. आपल्याकडेही २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्याचे कलम ६५ आहे. असुरक्षित अन्नाने गिऱ्हाईक दगावले तर वारसाला किमान पाच लाख रुपये भरपाईची त्यात तरतूद आहे. किती जणांना हे ठाऊक आहे?

काही मित्र म्हणतील, ॲलर्जी हा श्रीमंतांचा रोग आहे, आमच्या वस्तीत पोट भरायची भ्रांत असताना हे कशाला? हा विचार घातक आहे. श्रीमंताच्या मुलाची तपासणी होते, त्याच्या वावड्याला नाव मिळते. आमच्या लेकराला नाव मिळत नाही. 'पित्त उठले', 'काहीतरी बाधले', 'नजर लागली' म्हणतात आणि मीठ-मोहऱ्या ओवाळण्यात ती मोलाची मिनिटे जातात. खाल्ल्यानंतर थोड्याच वेळात अंगावर गांधी उठून श्वास लागला किंवा चक्कर आली, तर त्यावरचा पहिला उपचार ॲड्रेनॅलिनचे इंजेक्शन हाच आहे आणि ते मांडीच्या बाहेरच्या अंगाला देतात. पित्ताची गोळी देऊन वाट पाहत बसू नये. संध्याकाळी महामार्गावरच्या कोंडीतून बोरिवली गाठायला किती वेळ लागतो हे दहिसरकरांना सांगायला नको, तेव्हा आपल्या जवळच्या कोणत्या दवाखान्यात हे इंजेक्शन मिळते ते प्रत्येक वस्तीतील कार्यकर्त्याने आधीच विचारून ठेवावे.

हॉटेलवाल्यांना सांगताना आपल्या घरचेही पाहिले पाहिजे. १४ एप्रिलला, वैशाख पौर्णिमेला आणि ६ डिसेंबरला आपण हजारोंना भोजनदान करतो. पातेल्यात कूट घातले आहे की नाही, हे रांगेतल्या माणसाला कोण सांगते? येत्या जयंतीला मंडळांनी प्रत्येक पातेल्याशेजारी एक पाटी ठेवावी आणि त्यात शेंगदाणा, खोबरे, काजू, दूध, गहू, सुकट यांपैकी काय आहे ते खडूने मोठ्या अक्षरांत लिहावे. वाढायचे पळे प्रत्येक पातेल्याचे वेगळे ठेवावेत. पाटी स्वयंपाक्याला विचारूनच लिहावी, अंदाजाने लिहू नये, आणि पातेले बदलले की पाटीही बदलायची, हे वाढणाऱ्या पोरांना आदल्या दिवशीच सांगून ठेवावे.