एआय मदतनिसाचा ‘पट्टा’ कसा पाडायचा?

बारामती, इंदापूर भागात साखर कारखान्याचा गाळप हंगाम संपला की ‘पट्टा पडला’ म्हणतात. पण पट्टा पाडणे म्हणजे एक बटण दाबून कारखाना थांबवणे नव्हे. माळेगाव, सोमेश्वर किंवा भवानीनगरचा छत्रपती, कारखाना कोणताही असो, क्रम ठरलेला असतो. आधी ऊसतोड थांबते, आलेला ऊस गव्हाणीतून गाळून संपवतात, मग टाक्यांमधला रस आणि पाक साखरेपर्यंत नेतात. शेवटी यंत्रे धुऊन काढतात. रस तसाच सोडला तर जिवाणूंमुळे तो आंबतो आणि साखर हातची जाते.

असाच क्रम आता संगणकातही पाळावा लागणार आहे. बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्रात उसासाठी कृत्रिम बुद्धिमत्ता वापरण्याचा प्रयोग झाला. उपग्रह, हवामान केंद्र आणि जमिनीतले सेन्सर यांच्या माहितीवरून शेतकऱ्याच्या मोबाइलवर सल्ला येऊ लागला. सल्ला अमलात आणायचा की नाही, हे शेतकरीच ठरवतो. ‘एआय एजंट’ म्हणवणारे मदतनीस मात्र स्वतः काम करतात. ते मेल वाचतात, उत्तर लिहितात, बिलाची आठवण पाठवतात. त्यासाठी त्यांना मेलपेटीशी जोडणारे एक साधन लागते. अशा जोडणीचा ‘एमसीपी’ हा खुला नियमसंच अँथ्रोपिक कंपनीने नोव्हेंबर २०२४ मध्ये जाहीर केला.

हे साधन मध्येच बंद केले तर काय होते? मेल पाठवणारा सर्व्हर समोरच्या सर्व्हरला मजकूर देतो. समोरून ‘२५०’ हा अंक आला, की मेलची जबाबदारी समोरच्याने घेतली असे मानतात. समजा, मेल पोहोचला, पण ‘२५०’ची नोंद होण्याआधीच साधन बंद पडले. पुन्हा सुरू झाल्यावर एजंट नोंद पाहतो, ती सापडत नाही, म्हणून तोच मेल पुन्हा पाठवतो. ग्राहकाला एकच बिल दोनदा जाते. उलट, मेल रांगेतच राहिला आणि एजंटने ‘पाठवला’ असे लिहून ठेवले, तर तो कधीच जात नाही आणि कुणाला कळतही नाही. माणसाला आठवण असते. एजंटला नोंदच खरी.

म्हणून सुरक्षित बंदीची पहिली पायरी म्हणजे नवे काम घेणे थांबवणे. मेलच्या जुन्या नियमांत याची सोय १९८२ पासून आहे. बंद होणारा सर्व्हर ‘४२१’ हा अंक पाठवून कळवतो, की सेवा बंद होत आहे. मग पाठवणारा थांबून नंतर प्रयत्न करतो. दुसरी पायरी म्हणजे हातातले मेल पूर्ण करून नोंद पक्की करणे. एमसीपीतही संगणकावरच चालणाऱ्या साधनासाठी क्रम सांगितला आहे. आधी त्याच्याकडे जाणारा सूचनांचा मार्ग बंद करायचा आणि ते आपणहून थांबण्याची वाट पाहायची. नाहीच थांबले तर ‘आवरते घे’ असा इशारा द्यायचा आणि सक्तीने बंद करणे अगदी शेवटी. इशारा मिळाल्यावर प्रोग्रॅमला आवराआवर करता येते, सक्तीच्या बंदीत ती संधी नसते.

तिसरी पायरी सर्वांत जास्त विसरली जाते. ती म्हणजे किल्ल्या परत घेणे. सप्टेंबर २०२५ मध्ये कोई सिक्युरिटी या संस्थेने ‘पोस्टमार्क-एमसीपी’ नावाच्या साधनातली लबाडी उघड केली. नाव एका परिचित मेल सेवेचे होते, पण त्या कंपनीचा त्याच्याशी संबंध नव्हता. आधीच्या आवृत्त्या सरळ चालल्या. मग १.०.१६ या आवृत्तीत एक ओळ शिरली आणि एजंट पाठवेल त्या प्रत्येक मेलची गुप्त प्रत तिसऱ्याकडे जाऊ लागली. पुढे हे साधन डाउनलोडच्या ठिकाणाहून काढले गेले, पण ज्यांच्या संगणकावर ते आधीच बसले होते, तिथली प्रत त्यामुळे नाहीशी झाली नाही. अशा वेळी साधन काढून टाकणे पुरेसे नसते. मेलसाठी दिलेले पासवर्ड आणि परवाने बदलावे लागतात. कोणते मेल बाहेर गेले, हेही तपासावे लागते.

आपल्या मेलपेटीला असा मदतनीस जोडला असेल, तर बंद करताना चार गोष्टी पाहाव्यात. त्याला नवे काम देणे थांबवा. न गेलेले आणि पुढच्या वेळेसाठी लावून ठेवलेले मेल तपासा. मग मेल खात्याच्या सुरक्षा विभागात जाऊन त्याला दिलेली परवानगी रद्द करा, कारण मोबाइलमधून अॅप काढल्याने ती आपोआप रद्द होत नाही. पुढचे काही दिवस ‘पाठवलेले’ मेल पाहत राहा.

एजंटला ‘थांब’ असे लिहून सांगणे ही झाली विनंती. ती त्याने चुकीची समजली तरी त्याचा हात थांबला पाहिजे. त्यासाठी बंद करण्याचे बटण आणि परवान्याची किल्ली त्याच्या आवाक्याबाहेर, माणसाच्या हाती हवी. असा मदतनीस कामाला लावण्याआधीच त्याचा पट्टा कोण आणि कसा पाडणार, हे ठरवून ठेवावे.