कागद, लाकूड आणि पाणी : जुने घर विकण्यापूर्वी

पुण्याच्या पेठेतील वाडा असो, रत्नागिरीकडील जांभ्याच्या चिऱ्यांचे कौलारू घर असो किंवा १९६० च्या दशकात सहकारी गृहरचना संस्थेच्या भूखंडावर उभा राहिलेला बैठा बंगला असो, दोन-तीन पिढ्या नांदलेले घर विक्रीला निघते तेव्हा त्याचा भाव बहुधा जमिनीच्या क्षेत्रफळावर ठरतो आणि वरचे बांधकाम हिशेबात धरलेच जात नाही. घर जुने म्हणजे ते पाडण्याजोगे, हे या व्यवहारामागचे गृहीत असते. वस्तुतः घराचा जुनाटपणा आणि घराची जीर्णता या भिन्न अवस्था आहेत. संडास परसात असणे, स्वयंपाकघरात ओटा नसणे, माजघरात विजेचा एकच प्लग असणे हा जुनाटपणा होय आणि तो पैसा व थोडी कल्पकता यांच्या बळावर दूर होतो. तुळईचे भिंतीत शिरलेले टोक कुजणे किंवा पाया खचणे ही जीर्णता होय आणि तिच्यावर घराचे आयुष्य अवलंबून असते. तिसरी अडचण हक्काची असते. ती डोळ्यांना दिसत नाही आणि पुष्कळदा सर्वांत महाग पडते. या तिन्हींचा हिशेब वेगवेगळा मांडल्याखेरीज जुन्या घराला रास्त भाव मिळत नाही, आणि तो मांडून दाखवण्याची पहिली जबाबदारी विकणाऱ्याची आहे.

सह्या किती लागणार?

घर शहरात असेल तर त्याची नोंद नगर भूमापन कार्यालयाच्या मिळकत पत्रिकेवर असते. गावठाणातील घरासाठी ग्रामपंचायतीचा आठ नंबरचा उतारा दाखवला जातो, मात्र तो मूलतः घरपट्टीच्या आकारणीसाठी ठेवलेला असतो. गावठाणातील घरांना मोजणीवर आधारलेली मिळकत पत्रिका मिळावी म्हणून केंद्र सरकारने २४ एप्रिल २०२० रोजी स्वामित्व योजना सुरू केली आणि तीत ड्रोनच्या साहाय्याने गावठाणांचे नकाशे तयार केले जातात. तथापि उताऱ्यावर एकट्या थोरल्या भावाचे नाव लागलेले आहे म्हणून तो एकटाच मालक ठरत नाही, कारण नोंद ही मालकीचा एक पुरावा असते, मालकीचा उगम नव्हे.

समजा, आजोबांनी स्वकष्टार्जित पैशातून घर बांधले आणि १९७० साली मृत्युपत्र न करता ते वारले. मागे आजी, दोन मुलगे आणि दोन मुली राहिल्या. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानुसार हे पाचही जण पहिल्या वर्गातील वारस असल्यामुळे प्रत्येकाला घराचा पाचवा हिस्सा मिळाला. पुढे आजीही मृत्युपत्राविना वारल्यावर तिचा हिस्सा चार मुलांत वाटला जाऊन प्रत्येकाकडे चौथा हिस्सा आला. नंतर थोरल्या आत्याबाई गेल्या. त्यांच्यामागे यजमान आणि तीन मुले असल्याने त्यांच्या चौथ्या हिश्श्याचे चार भाग होऊन प्रत्येकाला घराचा सोळावा हिस्सा मिळाला. अशा रीतीने चार भावंडांचे म्हणून ओळखले जाणारे घर विकताना खरेदीखतावर सात सह्या लागतात, आणि त्यांतील एक सही ज्याने त्या घरात एक रात्रही काढली नसेल अशा भाच्याची असू शकते.

या संदर्भात एक गैरसमज सर्वत्र आढळतो, तो असा की मुलींना हक्क २००५ नंतरच मिळाला. वडिलांच्या स्वकष्टार्जित आणि मृत्युपत्राविना मागे राहिलेल्या मालमत्तेत मुलीचा समान हिस्सा १९५६ पासूनच आहे. अडचण एवढीच होती की कायद्याच्या कलम २३ मुळे कुटुंबाच्या राहत्या घराची वाटणी मागण्याचा अधिकार तिला पुरुष वारसांनी स्वतः वाटणी करायचे ठरवेपर्यंत नव्हता. ते कलम २००५ च्या दुरुस्तीने रद्द झाले. वडिलोपार्जित, म्हणजे एकत्र कुटुंबाच्या सामाईक मालमत्तेत मुलीला जन्मतः सहदायादाचा, म्हणजे मुलाच्या बरोबरीने वाटणी मागू शकणाऱ्या हिस्सेदाराचा दर्जा याच दुरुस्तीने ९ सप्टेंबर २००५ पासून मिळाला. त्या दिवशी वडील हयात असणे आवश्यक नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केले.

एखाद्या हिस्सेदाराला आपला अविभक्त, म्हणजे सरसनिरस वाटणी न झालेला हिस्सा परक्याला विकता येतो. परंतु मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ४४ नुसार अविभक्त कुटुंबाच्या राहत्या घरात त्या परक्याला इतरांसोबत ताबा मागता येत नाही आणि त्याने वाटणीचा दावा लावल्यास १८९३ च्या वाटणी कायद्याप्रमाणे घरातील हिस्सेदार त्याचा हिस्सा न्यायालयाने ठरवलेल्या किमतीला विकत घेऊ शकतात. त्यामुळे असा तुटक हिस्सा पडत्या भावानेच जातो. ज्यांना पैसा नको आणि घराची जबाबदारीही नको त्यांनी हक्कसोडपत्र, म्हणजे आपला हिस्सा दुसऱ्या हिस्सेदाराच्या लाभात सोडल्याचा दस्त, करून देणे हा सरळ मार्ग होय. मात्र तो दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेलाच असला पाहिजे. स्टँप पेपरवर नोटरीसमोर केलेल्या कागदाने स्थावर मालमत्तेतील हिस्सा सुटत नाही.

कोकणात आणि ग्रामीण भागात आणखी एक गोष्ट तपासावी लागते. घर गावठाणात असेल तर ते कोणालाही विकता येते. पण सातबारावर शेती म्हणून नोंदलेल्या जमिनीत ते उभे असेल तर १९४८ च्या कूळवहिवाट कायद्याच्या कलम ६३ मुळे ती जमीन बिगरशेतकऱ्याला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीविना घेता येत नाही. आंब्याच्या बागेतील कौलारू घर पाहून हरखलेल्या शहरी ग्राहकाचा व्यवहार पुष्कळदा नेमका येथेच अडतो.

खण, तुळई आणि ओळंबा

कागदांनंतर लाकडाची पाळी येते. पश्चिम महाराष्ट्रातील पारंपरिक वाडा हा मुख्यतः लाकडी सांगाड्याचा असतो. दगडी जोत्यावर, म्हणजे जमिनीपासून उंच उचललेल्या चौथऱ्यावर, तळखड्यांवर सागवानी खांब उभे केलेले असतात. खांबांच्या डोक्यावर तुळया, तुळयांवर कड्या आणि कड्यांवर फळ्या अशी कडीपाटाची रचना असते. दोन खांबांमधील गाळ्याला खण म्हणतात आणि घराचे आकारमान खोल्यांऐवजी खणांत सांगण्याची पद्धत होती. बऱ्याच वाड्यांत पक्क्या विटांच्या किंवा पांढऱ्या मातीच्या भेंड्यांच्या जाड भिंती या सांगाड्यामध्ये भरलेल्या असतात. अशा घरात भिंतीचा गिलावा पडला म्हणून घर कोसळत नाही. उलट रंगवलेल्या, गुळगुळीत भिंतीच्या पोटातील खांब पोखरलेला असेल तर ते घर सुस्थितीत दिसूनही धोक्याचे असते.

त्यामुळे तपासणीची सुरुवात दर्शनी भागाऐवजी लाकडाच्या टोकांपासून होते. तुळई जेथे भिंतीत शिरते ते टोक ओल धरते आणि हवा न लागल्याने सर्वांत आधी कुजते. जाणकार सुतार तेथे हातोडीने हलके ठोकून पाहतो : निकोप सागवान टणक वाजते, पोखरलेले भद्द वाजते, मग टोकदार सळई रोवून कूज किती खोल गेली आहे हे तो अजमावतो. भिंतीवरून चढणाऱ्या मातीच्या बारीक नळ्या वाळवीची आणि खांबाच्या बुडाशी साचलेला पिठूळ भुसा लाकूड पोखरणाऱ्या किडीची खूण असते. भिंत बाहेर झुकली आहे का हे ओळंबा सोडल्यावर लगेच कळते. भेगेच्या बाबतीत मात्र धीर धरावा लागतो. गिलाव्यापुरती केसासारखी भेग निरुपद्रवी असते, तर खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरपी निघालेली भेग पाया खचल्याची शंका उत्पन्न करते. तेव्हा तिच्यावर काचेची अरुंद पट्टी आडवी चिकटवून तारीख लिहून ठेवतात आणि एका पावसाळ्यानंतर काच तडकलेली आढळली तर भिंतीची हालचाल अजून चालू आहे असे समजतात.

दोष सापडला म्हणजे सगळे घर पाडलेच पाहिजे असे नाही. तुळईचे कुजलेले टोक कापून तेथे नवे लाकूड सांधता येते किंवा लोखंडी पट्ट्यांनी त्याला बळकटी देता येते. धोका निर्माण होतो तो दुरुस्तीच्या नावाखाली वजन वाढवल्याने, म्हणजे कौलारू छप्पर काढून जुन्याच भिंतींवर काँक्रीटचा स्लॅब टाकणे किंवा माळ्यावर पाण्याची मोठी टाकी बसवणे अशा कामांनी. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि त्यांच्यावरची जड धाबी यांनीच हजारो माणसे गाडली गेली. दुबळ्या भिंतीवरील जड छप्पर किती घातक असते याचा याहून मोठा पुरावा महाराष्ट्राजवळ नाही.

१९६० ते १९८० या काळातील बंगल्यांची व्यथा वेगळी आहे. तेथे लाकूड कुजण्याऐवजी काँक्रीटमधील सळई गंजते, गंजून फुगते आणि वरचे काँक्रीट ढलप्यांनी सुटते. अशा ठिकाणी नुसते प्लॅस्टर चोपडणे म्हणजे रोग झाकणे होय.

पाण्याचा मार्ग

जुन्या घराचा खरा शत्रू वय नसून पाणी आहे. एक फुटके कौल, तुंबलेली पन्हळ किंवा भिंतीला टेकून वाढलेले पिंपळाचे रोप एवढ्यानेही सांगाड्यात ओल उतरते आणि काही पावसाळ्यांत तुळई निकामी होते. कोकणात केवळ गणपतीला आणि शिमग्याला उघडली जाणारी घरे राहत्या घरांपेक्षा लवकर ढासळतात, कारण तेथे शाकारणी, म्हणजे पावसाळ्यापूर्वी कौले उतरवून व फुटकी बदलून छप्पर पुन्हा लावण्याचे काम, वेळेवर होत नाही आणि गळती लक्षात यायला घरात कोणी नसते.

दुसरा अपाय चुकीच्या सामग्रीने होतो. जुन्या भिंती चुन्याच्या किंवा मातीच्या असतात आणि त्यांत जमिनीतून चढलेली ओल पृष्ठभागावाटे हळूहळू वाळून जाते. त्यांच्यावर सिमेंटचा गिलावा किंवा प्लॅस्टिक रंग दिला की ओलीचा हा मार्ग बंद होतो, ती भिंतीतच अडकून आणखी वर चढते, भिंतीला लोणा, म्हणजे पांढऱ्या क्षारांचा थर, लागतो आणि अखेर गिलावा पापुद्र्यांनी गळतो. अशा भिंतीला चुन्याचाच गिलावा मानवतो. त्याचे कारागीर आज कमी आहेत आणि चुना मुरवण्यास वेळ लागतो हे खरे. परंतु दर दोन-तीन वर्षांनी सिमेंट खरवडून पुन्हा लावण्यापेक्षा तो खर्च अंती स्वस्त पडतो.

आधुनिक सोयी बसवतानाही पाण्याचाच विचार आधी करावा लागतो. वरच्या मजल्यावरील कडीपाटावर न्हाणीघर काढले की फरशीच्या सांध्यातून झिरपणारे पाणी थेट लाकडात जाते. म्हणून संडास-न्हाणी तळमजल्यावर परसाच्या बाजूस किंवा स्वतंत्र पायावरील हलक्या जोडबांधणीत घेणे श्रेयस्कर. विजेच्या तारांच्या बाबतीत तडजोडीला जागा नाही. लाकडी पट्ट्यांतून गेलेल्या कापडी वेष्टणाच्या तारा चार-दोन दिव्यांसाठी घातलेल्या होत्या आणि त्यांना अर्थिंग बहुधा नसतेच. त्यांच्यावर दोन हजार वॉटचा गीझर आणि वातानुकूलन यंत्र लावणे म्हणजे लाकडी घरात आगीला आमंत्रण देणे होय.

भाडेकरू आणि नोटीस

पेठांतील वाड्यांत मालकापेक्षा भाडेकरूंची बिऱ्हाडे अधिक असतात. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याचे संरक्षण त्यांना मालक बदलला तरी कायम राहते आणि भाडे वर्षाला साधारणतः ४ टक्क्यांपेक्षा जास्त वाढवता येत नाही. त्यामुळे घेणारा रिकामे घर घेत नसून भाडेकरूंसहित घर घेत असतो आणि किमतीत ते धरावे लागते. पालिकेची धोकादायक इमारतीची नोटीस असल्यास तिचा वर्ग पाहावा. सी-१ म्हणजे इमारत तात्काळ रिकामी करून पाडणे, सी-२-ए म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती, सी-२-बी म्हणजे रिकामी न करता सांगाड्याची दुरुस्ती आणि सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्ती. चारही वर्गांना बाजारात सरसकट ‘नोटीस आलेला वाडा’ म्हटले जाते, पण पहिल्या आणि चौथ्या वर्गांतील अंतर घर पाडणे आणि घर राखणे यांतील अंतर आहे.

विकणाऱ्याने काय करावे?

विक्रीपूर्वी घराला रंग काढून नव्या टाइल्स बसवण्याकडे कल असतो, पण तो खर्च सहसा वसूल होत नाही. घेणारा फरशी आपल्या आवडीने बदलणारच असतो आणि ताजा रंग पाहून जाणत्याला भिंतीत काय दडवले आहे अशी शंका येते. त्याऐवजी तोच पैसा चार कामांना लावावा : सर्व वारसांच्या नोंदी व हक्कसोडपत्रे पूर्ण करणे, वकिलाकडून मागील ३० वर्षांच्या दस्तांचा शोध अहवाल घेणे, छपराची गळती थांबवणे आणि संरचना अभियंत्याकडून घराचा मोजणी नकाशा व तपासणी अहवाल तयार करून घेणे. दुरुस्तीची बिलेही जपून ठेवावीत, कारण विक्रीवरील भांडवली नफा मोजताना मूळ किमतीत घरातील सुधारणांचा खर्च मिळवता येतो आणि २००१ पूर्वीच्या घरासाठी १ एप्रिल २००१ चे बाजारमूल्य मूळ किंमत म्हणून धरण्याची मुभा आहे.

दोष उघड करण्यात केवळ सचोटी आहे असे नाही, तर कायद्याचे बंधनही आहे. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५५ नुसार, विकणाऱ्याला ठाऊक असलेला आणि घेणाऱ्याला सामान्य दक्षतेने न सापडणारा महत्त्वाचा दोष सांगणे, मग तो बांधकामातील असो वा हक्कातील, हे विकणाऱ्याचे कर्तव्य आहे. ज्या घराचे कागद स्वच्छ आहेत आणि ज्याची कुजलेली तुळई नकाशावर खूण करून दाखवलेली आहे, ते घर दुरुस्तीच्या खर्चाची वजावट करून का होईना, घर म्हणून विकले जाते. ज्याचे यांतले काहीच माहीत नाही, ते केवळ जमीन म्हणून जाते.